वर्धा खरंच सायकलीनं फिरायचं शहर आहे का?

पऱ्हाटीवाला:
डिसेंबरात आम्ही चौघे मित्र देवळीकडच्या आमच्या गावातून सायकलीनं वर्ध्याला गेलो. दोन दिवस हिंडलो. माझं मत झालं, विदर्भात सायकलीसाठी याच्यासारखं शहर नाही. सेवाग्राम आठ किलोमीटर, नागपूर रोडवर पवनारही साधारण तेवढंच, चढ नावाला. आणि शहर थोडं तऱ्हेवाईकच! गोपुरीतल्या गीताई मंदिराला ना छप्पर ना मूर्ती, नुसत्या उभ्या शिळांवर अठरा अध्याय कोरलेले. वाचत वाचत फिरायचं. पवनारला विनोबांच्या आश्रमात शेत खणताना निघालेल्या जुन्या मूर्ती, खाली धाम नदी. सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव. गांधीजींची पत्रं शेगावला जायची म्हणून 1940 साली नावच बदललं. कारवाले हे सगळं अर्ध्या दिवसात उरकतात. (एक सूचना: गोरसपाक, म्हणजे वर्ध्याची खुसखुशीत बिस्किटं, कॅरिअरला बांधू नका, घरी भुगा पोचतो.)

सराटा:
हाव, डिसेंबरात! मे महिन्यात येऊन पाहा भाऊ, पारा पंचेचाळीसच्या वर अन् सीटला हात लावला तर चटका. पावसाळ्यात शेतरस्त्यावर काळी माती मडगार्डात अशी भरते की सायकल तुमच्यावर बसते. वर बाभळीचे काटे. चार महिन्यांच्या हवेवर शहराले प्रमाणपत्र देऊन रायले का?

आठवी_ब:
मी गावातल्या शाळेत शिकवते. मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. माझ्या वर्गातल्या चौघी रोज चार किलोमीटर येतात, डांबर फक्त शेवटच्या एक किलोमीटरला. मागून ट्रक आला की उतरून बाजूच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभ्या राहतात. एकीची चेन गेली तर दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून आठवडाभर गैरहजर. सायकलीसाठी चांगली जागा कोणती, हे या मुलींना विचारा. तुमच्याकडे गिअरची सायकल होती का?

पऱ्हाटीवाला:
नाही ताई, बाबांची काळी चोवीस इंची. पण मुद्दा मान्य. तरी सहलीलाच नावं का ठेवता? चार लोक सायकलीनं फिरताना दिसले तर रस्त्याची मागणी करणारे चार वाढतील.

आठवी_ब:
सहलीला नाही, 'याच्यासारखं शहर नाही' याला. चौपदरी रस्ता झाला, त्यात सायकलीची पट्टी कुठं आहे? समृद्धी महामार्गावर तर मोटरसायकललाही मनाई. सपाट जमीन देवानं दिली, त्याचं श्रेय शहराला कशाला?

धामकाठ:
मी जन्माचा वर्धेकर. दोघंही अर्धं बोलून रायले. आमच्या लहानपणी पोस्टमन, मास्तर, दूधवाला, सगळे सायकलीवर. म्हणून शहर सायकलीचं वाटायचं. आता तेच लोक मोटरसायकलवर. शहर होतं तिथंच आहे, माणसं उतरली. अन् भाऊ, मगन संग्रहालय राहिलंच की तुमचं! 1938 सालचं, ग्रामोद्योगाचं. तिथं न जाता कसली सायकलसहल?

पऱ्हाटीवाला:
गेलो होतो, सोमवारी. कुलूप होतं.

सराटा:
पंप नेला होता का पण?

पऱ्हाटीवाला:
नेला होता. पवनारच्या अलीकडे दोन पंक्चर. सराट्याचे काटेच.