गांजा कायदेशीर करावा का?

गिरणगावकर
आमच्या चाळीतला २१ वर्षांचा पोरगा गेल्या महिन्यात गांजाच्या पुडीसकट पकडला गेला. पुडीत दहा ग्रॅमही माल नव्हता. नोकरी लागत आली होती. आता पोलिस पडताळणीत केस दिसणार म्हणून त्याची आई कोणाशी बोलत नाही. आणि त्याच नाक्यावर देशी दारूचं दुकान राजरोस चालतं. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा येईपर्यंत देशात अनेक ठिकाणी सरकारी परवान्याच्या दुकानात गांजा मिळायचा. ब्रिटिशांनी १८९३-९४ मध्ये यासाठी आयोग नेमला होता, त्यानेही सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा, असंच सांगितलं. माझं मत स्पष्ट आहे, गांजा कायदेशीर करा.

मुलुंडची ताई
त्या माउलीसाठी जीव तुटतो. पण माझंही ऐका. माझा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी ओढायला लागला, पुढे रोज. एकोणिसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. आम्ही आपल्याविरुद्ध कट करतोय, असं त्याला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, आजाराचं मूळ घराण्यात असू शकतं, पण कोवळ्या वयात रोज ओढल्याने धोका वाढतो. आज तो बत्तिशीचा आहे, गोळ्यांवर आहे. दारू खुली आहे म्हणून गांजाही खुला करा, हे मला पटणार नाही. दारूने काय केलं ते गिरणगावाला कोणी सांगायला नको.

पार्लेकर
ताई, तुमच्या भावाला बंदी असतानाच मिळाला ना? कॅनडाने २०१८ मध्ये परवाना पद्धत आणली. तिथे पाकिटावर नशेच्या घटकाचं प्रमाण छापलेलं असतं, बहुतेक प्रांतांत १९ वर्षांखालच्याला विकता येत नाही. इथे पुडीत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मुलुंडची ताई
मिळाला, खरं आहे. पण महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर मिळतो. सिगरेटला १८ ची अट आहे, पण शाळेच्या पोराला सुटी सिगरेट देताना कोणी वय विचारतं का? तोच टपरीवाला गांजासाठी ओळखपत्र मागेल? थायलंडने २०२२ मध्ये मोकळीक दिली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. आधी आपल्याकडे वयाची अट पाळून दाखवा, मग माझ्याशी बोला.

काळा कोट
इथे दोन प्रश्नांची गल्लत होतेय. विक्री खुली करणं वेगळं आणि ओढणाऱ्याला गुन्हेगार न ठरवणं वेगळं. पोर्तुगालने २००१ पासून विक्री गुन्हाच ठेवली, पण स्वतःपुरता थोडा माल सापडला तर फौजदारी खटला होत नाही. आपल्याकडे एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरतात, तरीही बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. झाडाच्या फुलोऱ्याच्या शेंड्याशिवायची नुसती पानं मात्र एनडीपीएस कायद्यात गांजा ठरत नाहीत. मी ताईंच्या बाजूने आहे, दुकानं नकोत. पण त्या पोराला कोर्टात उभं करून कोणाचा भाऊ वाचणार आहे?

गिरणगावकर, त्या पोराच्या वकिलांना याच कायद्याच्या कलम ६४-अ बद्दल विचारा. अल्प प्रमाणाच्या केसमधल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं.

मुलुंडची ताई
याला माझा विरोध नाही. माझ्या भावाला पोलिसांच्या आधी डॉक्टर भेटला असता तर बरं झालं असतं.

गिरणगावकर
विचारतो, आभारी आहे. पण पोरगा व्यसनी नाही हो. गणपतीत मित्रांबरोबर दोन-तीनदा ओढली, एवढंच. मग खटला टाळायला त्याने आधी 'मी व्यसनी आहे' असं म्हणायचं का?

काळा कोट
हो, अडचण तीच आहे. ते संरक्षण फक्त व्यसनी माणसाला आहे. कधीमधी ओढणाऱ्यासाठी त्या कलमात काही नाही.