प्रतिसाद: बोअर मोठा म्हणून बंदी नसते

वर कुणीतरी लिहिलंय की बोअर (नळीचा आतला व्यास) जितका मोठा तितकं हत्यार 'प्रतिबंधित', म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं. तसं नाहीये. .315 ची रायफल साध्या परवान्यावर मिळते, आणि तिच्याहून बारीक .303 मात्र प्रतिबंधित! कारण .303 मध्ये लष्कर-पोलिसांची सरकारी काडतुसं चालतात. 9 मिमी पिस्तुलाचंही तेच. प्रश्न ताकदीचा कमी, गोळ्यांच्या चोरीचा जास्त. बारा बोअरची (छर्ऱ्यांची) बंदूक जवळून काय करते ते वेगळं सांगायला नको, तरी ती साध्या यादीत. (तिची नळी 20 इंचांहून आखूड नको, एवढंच.)

साधा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, प्रतिबंधित बोअरचा थेट केंद्रीय गृहखातं. तो मिळणं महाकठीण, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी गोची वारशाची. परवानाधारक वारला की 'वडिलांची आठवण' म्हणून .303 कपाटात ठेवता येत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पोच घ्यायची, मग स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना प्रतिबंधित हत्यार बाळगल्यास किमान सात वर्षं कैद आहे.