'स्थळ' पाहिला, अजून डोक्यातून जात नाहीये. तुम्ही इतक्यात काय पाहिलंत?

शेवटचा_शो
काल रात्री 'स्थळ' पाहिला एकदाचा, जयंत सोमलकरचा. 2023 ला टोरंटोच्या फिल्म फेस्टिव्हलला नेटपॅक अवॉर्ड (आशियाई सिनेमांना देतात ते) मिळालं तेव्हापासून नाव ऐकून होते, 2025 च्या मार्चमध्ये थेटरला लागला तेव्हा आमच्या भागात दुपारचा एकच शो आणि तोही ऑफिसच्या वेळेत, मग राहूनच गेलं. आता पाहिला आणि झोप उडाली.

गोष्ट म्हटलं तर दोन ओळींची आहे, चंद्रपूरकडच्या खेड्यातली सविता, तिला शिकायचंय, स्पर्धा परीक्षा द्यायचीय आणि घरचे तिच्यासाठी स्थळ बघतायत. पण सुरुवातच अशी की बायका खुर्च्यांवर ऐसपैस बसल्यात आणि मुलगा खाली मान घालून समोर, त्याला प्रश्न विचारले जातायत. थोडा वेळ हसू येतं. मग सविताला जाग येते आणि खरा कार्यक्रम सुरू होतो, पुरुषांची रांग, नाव काय, शिक्षण किती, उंची किती. आणि हे एकदा नाही, परत परत. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच, पोहे तेच. तिसऱ्या वेळेला मला अक्षरशः उठून जावंसं वाटलं, कंटाळा म्हणून नाही, त्या पोरीच्या जागी बसल्यासारखं झालं म्हणून. नंदिनी चिकटेने काम काय केलंय! काम केलंय असं वाटतच नाही हेच तिचं काम.

तर मला असे सिनेमे सांगा, ज्यात माणसं नट वाटत नाहीत आणि गाव सेट वाटत नाही. 'फँड्री', 'कोर्ट', 'किल्ला' झालेत बघून. आईबरोबर बघता येईल असा एखादा असला तर अजून छान.

ठेचाभाकर
मी त्याच जिल्ह्यातला, म्हणून जरा जास्त लिहितो, सांभाळून घ्या. आमच्याकडची भाषा सिनेमात आली की ती बहुतेक वेळा हसवायलाच येते, नोकर नाहीतर गावातला येडपट. इथं पहिल्यांदा असं झालं का आमची भाषा बोलणारा माणूस रडला आणि लोकं गप बसून पाहून राहिले. माझी आई शेजारी बसली होती, ती मधातच म्हणे "हे तं आपल्याच घरचं हाय रे".

पण पुण्यामुंबईच्या लोकांशी बोललो तं सगळे कांदेपोह्यांवरच बोलतात, कापसावर कोणी बोलत नाही. सविताचा बाप कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलाय ते नीट बघा. वेचणीची मजुरी तर लगेच द्यावी लागते, व्यापारी सुरुवातीला भाव पाडून मागतो, थांबायची ताकद ज्याच्यात आहे तोच घरात माल ठेवतो, बाकीचे देऊन मोकळे होतात. आणि इकडे लग्नाची बोलणी सुरू. म्हणजे भाव उतरला की हुंड्याचं गणित कोसळतं, गणित कोसळलं की पोरीवरचा राग. दिग्दर्शकाने हे भाषण न देता दाखवलंय. बाप वाईट माणूस नाहीये, त्याचं प्रेम आहे पोरीवर, म्हणून तर जास्त त्रास होतो बघताना. मला विचाराल तर हा जितका मुलीचा सिनेमा आहे तितकाच कापूस पिकवणाऱ्या घराचा आहे.

पटकथा_आधी
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. 'स्थळ' चांगला आहे पण मुद्दा पहिल्या अर्ध्या तासात पोचतो, नंतर तोच प्रसंग परत दाखवून नवीन काय मिळतं? खरी माणसं, खरं गाव हे सगळं ठीक पण आपल्याकडे त्याच्या नावाखाली पटकथा सैल सोडायची सवय लागलीये असं मला मनापासून वाटतं. मी परवा 'वाळवी' परत पाहिला, परेश मोकाशीचा, बायकोचा खून आत्महत्या वाटावी असा प्लॅन करणारा नवरा आणि त्याची प्रेयसी, आणि मग एकेक गोष्ट हातातून निसटत जाते. पहिल्या सीनपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एक वस्तू फुकट नाही त्यात, आणि नावाचा अर्थ शेवटी असा येतो की बस्स. सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमाचं नॅशनल अवॉर्ड मिळालं ते योग्यच. स्वप्नील जोशी आवडत नाही म्हणणाऱ्यांनीही बघा.

ठेचाभाकर
@पटकथा_आधी वाळवी मलाही आवडला. पण परत परत तेच दाखवून नवीन काय, तर हेच की तिच्या आयुष्यातही नवीन काही होत नाही. प्रत्येक वेळेला तिचं बसणं बघा, आवाज बघा, पहिल्यांदा ती उत्तर देते आणि नंतर नंतर फक्त पाठ केलेलं म्हणते. हे एका प्रसंगात कसं दाखवणार भाऊ?

कुडाळकरीण
आईबरोबर बघायचा असेल तर 'दशावतार'. आम्ही सगळं घर मिळून गेलो होतो, सासऱ्यांसकट, आणि ते एरवी थेटरात पाऊल टाकत नाहीत.

दिलीप प्रभावळकर 1944 चे, म्हणजे सिनेमा आला तेव्हा 81 वय, आणि त्या वयात त्यांनी जो बाबुली मेस्त्री उभा केलाय त्याला तोड नाही. डोळ्यांनी कमी दिसणारा म्हातारा दशावतारी, म्हणजे आमच्या कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातला नट, मुलगा सांगतोय की बाबा आता पुरे, आणि याचा पाय काही मंडपातून निघत नाही. ज्यांनी जत्रेतला दशावतार पाहिला नाही त्यांना हे जरा नाटकी वाटेल, पण आमच्याकडे खरंच असंच असतं. पालखी झाली की रात्री उशिरा नाटक सुरू होतं, आधी गणपती, संकासुर राक्षस, मग आख्यान म्हणजे मुख्य पौराणिक कथा, आणि संवाद कुणी लिहून दिलेले नसतात, हार्मोनियम पखवाज झांजेच्या साथीवर नट उभ्या उभ्या बोलत जातो, बायकांची कामंही पुरुषच करतात, उजाडेपर्यंत चालतं. आणि सकाळी तोच राजा पेटारा आवरून कामाला. सिनेमातल्या रंगपटाच्या (नट तयार होतात त्या खोलीच्या) सीनला सासरे कानात म्हणाले "ह्या बरोबर दाखवल्यानी".

नावडलं ते पण सांगते. मध्यंतरानंतर खाणीचा विषय येतो तिथे सगळं फार मोठ्या आवाजात होतं. खलनायक म्हणजे नुसते वाईट, त्यांच्या बाजूने विचार करायला काही ठेवलंच नाही. खाणीचा प्रश्न आमच्याकडे इतका सरळ नाही, एकाच वाडीत जमीन विकून मोकळा झालेला असतो आणि विकणार नाही म्हणणारा पण असतो, आणि दोघं एकाच जत्रेला येतात. ते आलं असतं तर सिनेमा कुठल्या कुठे गेला असता. तरीही बघाच, पहिल्या भागासाठी आणि प्रभावळकरांसाठी.

रात्रपाळी
कोणीच 'सबर बोंडं' म्हणालं नाही अजून? रोहन कानवडेचा, 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं तो. शेवटचा_शो, तुम्ही जे मागताय ते सगळं यात आहे. आनंद मुंबईत राहणारा, वडील गेले म्हणून दहा दिवसांसाठी गावी येतो, सुतकाचे नियम, भरलेलं घर, आणि नातेवाईकांचा एकच धोशा, लग्न कधी करतोस. त्याला मुलगीच नको आहे हे फक्त आईला माहितीये (आणि गेलेल्या बापाला होतं). तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, त्यालाही घरचे लग्नासाठी मागे लागलेत.

'स्थळ'च्या लगेच नंतर बघा असं मुद्दाम सांगतो कारण दोन्हीकडे लग्नाचा तगादा तोच आहे, एकीकडे मुलीला समोर बसवून विचारतात, दुसरीकडे मुलाला येताजाता. बॅकग्राउंड म्युझिक नाही, कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी, शेळ्या, पक्षी, लांबून येणारा आवाज इतकंच. आणि त्यात आई! जयश्री जगताप. गावातल्या बाईला हे समजणारच नाही असं आपण शहरातले लोक धरून चालतो, आणि ही बाई मुलासाठी शांतपणे नातेवाइकांना थोपवते, मोठा डायलॉग नाही की रडारड नाही. दिग्दर्शकाला वडील गेल्यावरच्या गावच्या दिवसांतून हा सिनेमा सुचला, आणि ते पदोपदी जाणवतं. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट मराठीत इतक्या मायेने आधी कधी पाहिली नव्हती मी.

पटकथा_आधी
@रात्रपाळी हा बघतो. संथ आहे का फार?

रात्रपाळी
संथ आहे. पण मोबाईल बाजूला ठेवून बघा, पहिली दहा मिनिटं गेली की आपणच त्या ओट्यावर बसल्यासारखे बघत राहतो. नाहीच जमलं तर सोडून द्या, पण मोठ्या स्क्रीनवर आणि आवाज नीट लावून, एवढं करा.

शेवटचा_शो
सगळ्यांचे खूप आभार, इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. ठेचाभाकर, कापसाचं वाचल्यावर मी सकाळी बापाचे सगळे सीन परत लावून पाहिले, बाजारातला तर दोनदा. आता त्याच्याकडे बघायची नजरच बदलली.

शनिवारी आईला 'दशावतार' दाखवते, ती मूळची सावंतवाडीची, संकासुर म्हटल्यावर तिला आठवणी सांगायला कारण लागणार नाही. 'सबर बोंडं' रविवारी. तो पण तिच्याबरोबरच बघावा असं आता वाटतंय, रात्रपाळीने त्या आईबद्दल लिहिलंय त्यामुळे. कुडाळकरीण, एक विचारायचं होतं, तुमच्याकडे जत्रा साधारण कधी सुरू होतात? सिनेमा बघून झाला की आई मला तिकडे घेऊन जा म्हणणार हे नक्की.

कुडाळकरीण
त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतात, मग गावागावात तारखा वेगळ्या, उन्हाळ्यापर्यंत चालूच. शाल घेऊन या, रात्री थंडी असते, आणि पुढे बसायचं असेल तर चटई आपली आपण आणायची. पहाटेपर्यंत जागायची तयारी ठेवा, आख्यान अर्धवट टाकून उठू नका.