माळ्यावरची गिटार आणि स्टोअररूममधलं टेबल

शनिवार

बी-३०२ दादा: सोसायटीच्या ग्रुपवरच्या सर्वांना नमस्कार. एक परवानगी हवी आहे आणि जाणत्यांचा सल्लाही. माळा साफ करताना माझ्या काकांची गिटार सापडली. काका जाऊन सहा वर्षं झाली. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी हिच्या तारा छेडल्यात, त्यामुळे भंगारात द्यायचा प्रश्नच नाही. पण अवस्था वाईट आहे. ब्रिज, म्हणजे फळीवर तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी, मागून उचकटलाय, खाली कागद सहज जातो. पुढच्या फळीला ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत ११ सेंटीमीटरची चीर गेलीय. खुंट्या जाम आहेत. टेरेसवरची खोली महिनाभर मिळाली तर तिथं टेबल टाकून स्वतः दुरुस्त करायचा विचार आहे.

सेक्रेटरी: त्या खोलीत गणपतीच्या मंडपाचं सामान आहे, पण एका बाजूला सरकवता येईल. मशीन काय काय लावणार ते सांगा. बिल कॉमन मीटरवर येतं.

बी-३०२ दादा: मशीन एकही नाही. एक दिवा आणि पाणी गरम करायची छोटी शेगडी, बाकी सगळं हातानं.

ए-३०३ काका: मिरजेला नेऊन द्या की. तिथं पिढ्यान् पिढ्या हेच काम करतात.

सी-२०१ गायन काकू: मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याचे. माझा तंबोरा तिथलाच आहे. आपल्या पंढरपूरकडचे भोपळे तिकडे जातात आणि त्यांचे तंबोरे होऊन येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. पण गिटारची रचना वेगळी. तिच्या पोटात आडव्या-तिरप्या पट्ट्या असतात, त्यांचं काम करणारा माणूस शोधावा लागेल. दादा, तुम्ही आतून पाहिलंत का?

बी-३०२ दादा: पाहिलं काकू. दाढीचा आरसा आणि बारीक टॉर्च आत घातली. एक पट्टी टोकाला सुटलीय. बोटानं टिचकी मारली की तिथं खरखर असा आवाज येतो, बाकी ठिकाणी ठणठणीत. चांगली गोष्ट म्हणजे पुढची फळी अखंड लाकडाची आहे. गोल भोकाच्या कडेला लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत सलग उतरलेल्या दिसतात. प्लाय असती तर तिथं थर दिसले असते.

ए-१०४ लूमवाले आजोबा: तारा सैल केल्या का?

बी-३०२ दादा: हो आजोबा, सापडली त्याच दिवशी. इतकी वर्षं ती ताणलेल्या तारांसकट माळ्यावर होती. सहा तारांची ओढ मिळून ७० किलोच्या आसपास असते. त्यामुळेच ब्रिजमागची फळी पोट सुटल्यासारखी फुगलीय.

ए-१०४ लूमवाले आजोबा: मग चीर लगेच चिकटवू नको. सकाळी खाली ये, सांगतो.

रविवार

बी-३०२ दादा: आजोबांकडे दीड तास बसून आलो. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत टाका म्हटलं, तर म्हणाले मीच लिहितो.

ए-१०४ लूमवाले आजोबा: अक्कलकोट रोडला एमआयडीसीत बत्तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढली. उन्हाळ्यात ताण्याचे धागे सारखे तुटायचे. नवीन पोरांना वाटायचं सूत खराब आलं. सूत नव्हे, हवा कोरडी असायची. कापसाला शेडमध्ये ७५-८० टक्के ओल लागते, तेव्हा धागा ताण सोसतो. म्हणून आम्ही जमिनीवर पाणी मारायचो, खिडक्यांना ओली पोती लावायचो. लाकडाचं पण तसंच हाय. कोरड्या हवेत ते आकसतं, आणि आडवं जास्त आकसतं. फळी चारी बाजूंनी चिकटवलेली, जाणार कुठं? मग ती मधेच फाटते. आत्ता चीर उघडी आहे कारण लाकूड तहानलेलं आहे. आत्ता डिंक भरलास तर पावसाळ्यात लाकूड फुगंल, त्याला जागा मिळणार नाही, आणि शेजारी दुसरीकडे फाटंल. आधी पाणी पाज. थेट नको, हवेतून.

बी-३०२ दादा: लाखाची गोष्ट सांगितलीत आजोबा. मी आज पॉलिश पेपर घेऊन बसणारच होतो. हवेतला ओलावा मोजायचा डिजिटल मीटर आहे माझ्याकडे. गिटारला ४५ ते ५५ टक्के लागतात. दुपारी ३ वाजता टेरेसच्या खोलीत मोजलं, २२ टक्के आणि ४३ अंश. स्लॅब वरून नुसता तापतो. तिथं काम करणं म्हणजे गिटार भट्टीत ठेवणं. खोलीची विनंती मागे घेतो. घरातल्या स्टोअररूममध्येच टेबल लावीन.

सेक्रेटरी: ठीक. मग परवानगीचा प्रश्न नाही, पण आवाजाचं बघा. रात्री १० ते सकाळी ६ कायद्यानंच बंद आहे. आपल्याकडे दुपारी २ ते ४ पण.

बी-२०२ वहिनी: भाऊजी, तुमचं स्टोअर आमच्या मुलीच्या खोलीच्या बरोब्बर वर आहे. तिला धुळीचा त्रास होतो, दमा आहे. लाकडाचा भुसा खिडकीतून खाली आला तर? मी अडवत नाहीये, पण काळजी वाटते.

बी-३०२ दादा: वहिनी, बरं झालं बोललात. पॉलिश पेपर फक्त पाण्यात भिजवून वापरीन, म्हणजे भुसा उडत नाही. फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवर बोटं दाबायची फळी, शिसवाचा आहे आणि शिसवाची धूळ तर मोठ्या माणसालाही बाधते. तो घासायचा नाहीच. त्यावरच्या पडद्यांच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या मधला मळ जुन्या टूथब्रशनं काढीन, मास्क लावून, खिडकी बंद ठेवून.

बी-२०२ वहिनी: मग काही हरकत नाही. तुमच्या काकांना मीही ऐकलंय, गच्चीवर कोजागरीला वाजवायचे.

ए-३०१ मावशी: पाणी सुटलंय. खालची मोटर कोणीतरी लावा पटकन.

मंगळवार

सी-१०१ कॉलेजवाला: दादा मी पण शिकू का? सुट्टी आहे. सामान काय काय लागतं?

बी-३०२ दादा: ये की. जास्त काही नाही. जुनं जेवणाचं टेबल, त्यावर घरातली जुनी सोलापुरी चादर चार पदरी घातलीय, तिच्यासारखी मऊ आणि न घसरणारी गादी विकत मिळणार नाही. मान टेकवायला लाकडी ठोकळा, त्यावर टॉवेल. एक पटाशी, एक बारीक कानस, गुण्या, स्टीलची फूटपट्टी, पुट्टीची पातळ पट्टी. शिकंजे मात्र चांगले लागतात. भोकातून हात घालून ब्रिजखाली पोचेल असा खोल तोंडाचा सी-क्लॅम्प मला इथं तयार मिळाला नाही, एका वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतला. पैसे वाचवायचे असतील तर हत्यारात वाचव, उजेडात नको. तिरपा पडणारा एक चांगला दिवा असला की चीर, फुगवटा, गोंदाचा थेंब, सगळं दिसतं.

सी-१०१ कॉलेजवाला: आणि ओलावा कसा देताय?

बी-३०२ दादा: साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडली, आत स्पंज. ओला करून घट्ट पिळायचा, थेंब पडता कामा नये. डबी गिटारच्या पोटात, वरून भोक झाकलं आणि गिटार मोठ्या पिशवीत बांधून ठेवली. रोज सकाळी बघतो.

ए-३०३ काका: एवढं कशाला, कूलरसमोर ठेवा.

ए-१०४ लूमवाले आजोबा: नको नको. कूलर बंद झाला की तासाभरात परत कोरडं. एकदा ओलं एकदा कोरडं, त्यानं लाकूड जास्त फाटतं. ओल हळू चढली पाहिजे आणि टिकली पाहिजे.

पुढचा सोमवार

बी-३०२ दादा: सहा दिवसांत चीर मिटली! शनिवारी व्हिजिटिंग कार्ड जात होतं, आज केस जात नाही. पोटातला मीटर ५० दाखवतोय. आजोबांच्या पाया पडून आलो.

आता ब्रिजबद्दल. पंधरा वर्षांपूर्वी एकाने तो दोन स्क्रू मारून आणि पांढरा गोंद भरून बसवला होता. स्क्रू काढले. पांढरा गोंद कपाटाला चालतो, पण सततच्या ओढीखाली आणि उन्हाळ्यात तो हळूहळू सरकत राहतो. शिवाय त्याच्या थरावर नवीन काहीच धरत नाही. भोवतीच्या पॉलिशला पुठ्ठा आणि वर्ख लावून झाकलं, ब्रिज इस्त्रीनं गरम केला आणि पुट्टीची पट्टी गरम पाण्यात बुडवून बाजूनं सरकवत गेलो. पाऊण तास लागला. जोर लावायचा नाही, गोंद स्वतः सुटेपर्यंत थांबायचं. एका कोपऱ्यात लाकडाचे धागे उचलले जायला लागले, तिथून पट्टी काढली आणि उलट बाजूनं आलो. उरलेला गोंद कोमट व्हिनेगरच्या बोळ्यानं मऊ करून खरवडला. आता दोन्हीकडे कोरं लाकूड आहे.

सी-२०१ गायन काकू: चिकटवणार कशानं?

बी-३०२ दादा: सरसानं, काकू. जुने सुतार वापरायचे तोच. रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, मग भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांवर वितळवायचा. उकळू द्यायचा नाही, ताकद जाते. मिनिटभरात थिजायला लागतो, म्हणून आधी कोरडाच शिकंजा लावून तीनदा तालीम केली. त्याचा मोठा गुण म्हणजे तो ओढीखाली सरकत नाही. आणि पन्नास वर्षांनी कुणाला ब्रिज परत काढायचा झाला तर उष्णता आणि पाण्यानं सुटतो.

बी-२०२ वहिनी: वास येतो ना त्याला?

बी-३०२ दादा: थोडा. बाल्कनीत करीन, सकाळी लवकर.

गुरुवार

सी-१०१ कॉलेजवाला: काल दादांसोबत चिरेला आतून ठिगळं लावली. नखाएवढे लाकडाचे तुकडे, दीड मिलिमीटर जाड, रेषा चिरेला आडव्या. आतून धरायला हात पुरत नाही, म्हणून आत एक लोहचुंबक आणि बाहेर एक. पाच ठिगळं, सुटलेली पट्टी आणि ब्रिज. शिकंजे २४ तास तसेच.

ए-३०३ काका: वा! पॉलिशचं काय?

बी-३०२ दादा: जुनं पॉलिश ठेवणार आहे, काका. माझ्या काकांच्या मनगटानं जिथं ते झिजलंय तिथं मला हात लावायचा नाही. फक्त चिरेवर आणि ब्रिजच्या कडेला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे बोळ्यानं पातळ हात.

सेक्रेटरी: स्पिरिट? तुमचं स्टोअर किचनला लागून आहे. गॅस आहे तिथं.

बी-३०२ दादा: बरोबर आहे. स्पिरिट घरात उघडणारच नाही. टेरेसवर, संध्याकाळी वारा पडल्यावर. बाटली शंभर मिलिलिटरची.

ए-१०४ लूमवाले आजोबा: आणि जवसाचं तेल वापरलंस तर त्याच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नको. आपोआप तापतात आणि पेटतात. पाण्यात बुडव नाहीतर तारेवर एकेक पसरून वाळव. हे सगळ्यांनीच ध्यानात ठेवा, दिवाळीला दारं पॉलिश करता तेव्हा.

सेक्रेटरी: हे नोटीस बोर्डावर लावतो.

सी-२०१ गायन काकू: फिंगरबोर्डला खोबरेल लावू नका हं. सतारीच्या तारांना लावतात ते बघून कुणी सांगेल. लाकडात ते मुरून खवट होतं.

रविवार

बी-३०२ दादा: तारा चढवल्या. जाड तारांचा संच टाळला, ११ नंबरचा बारीक घेतला, जुन्या फळीवर ओढ कमी पडावी म्हणून. आधी सगळ्या अर्धा स्वर खाली लावून रात्रभर ठेवल्या, सकाळी पूर्ण. ब्रिज तसूभर हलला नाही.

आजोबा फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पाती घेऊन वर आले होते. मान सरळ करायला फिरवतात तो रॉड हिच्या मानेत नाही, त्यामुळे मान वाकडी असती तर माझ्या हातात काही नव्हतं. पहिला पडदा आणि चौदावा दाबून मध्ये सातव्यावर तारेखालची फट मोजली. ०.२० मिलिमीटरची पात जाते, ०.२५ ची अडते. म्हणजे मान उत्तम. बाराव्या पडद्यावर मात्र तार ४ मिलिमीटर उंच होती, बोटं दुखतात त्यानं. तिथं एक मिलिमीटर उतरवायला ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी दोन मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. प्लास्टिकची जुनी पट्टी काढून हाडाची नवी घडवली. आता जाड तारेला २.६, बारीकला २.

सी-२०१ गायन काकू: मी ऐकून आले. दादा, तिसरी तार मोकळी सोडली की किंचित जव्हारी, म्हणजे झणझण येतेय. तंबोऱ्यात आम्ही ती मुद्दाम काढतो, रुंद घोडीवर तार घासत जाते म्हणून. गिटारला नको ती.

बी-३०२ दादा: अगदी बरोबर पकडलंत. त्या तारेखाली पट्टीचा माथा सपाट राहिलाय, तार तिथं टेकून थरथरते. माथा गोल केला पाहिजे, तार एकाच रेषेवर टेकली पाहिजे. कानशीचे चार हात. उद्या सकाळी १० नंतर करतो, आवाज होणार नाही.

बी-२०२ वहिनी: मुलगी विचारतेय, काकांची गिटार बघायला वर येऊ का?

बी-३०२ दादा: आत्ता पाठवा. तिला तार छेडू दे.

सी-१०१ कॉलेजवाला: आणि ते स्टोअरमधलं टेबल काढणार का आता?

बी-३०२ दादा: नाही, राहू दे. काकूंच्या तंबोऱ्याची एक खुंटी घसरतेय, ती बघायचीय. शिवाय तुला पडदे पॉलिश करायला शिकवायचंय.

ए-१०४ लूमवाले आजोबा: आज ४२ अंश तापमान आहे. स्पंज ओला केलास का?

बी-३०२ दादा: आत्ता करतो आजोबा.