मदत हवी आहे : काउंटरवरील आकड्यावरून शरीराला मिळालेली किरणोत्साराची मात्रा कशी काढावी?

नमस्कार. किरणोत्सारी दूषण झाल्यास लोकांची आणि परिसराची तपासणी कशी करावी, यावर प्रशिक्षणासाठी एक टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे क्षय, अर्धायुष्य आणि गॅमा वर्णपट हे नित्याचे विषय आहेत. परंतु यंत्राने दाखवलेल्या आकड्यावरून त्या माणसाला किती मात्रा मिळाली हे कसे ठरवतात, हे सांगताना मधल्या पायऱ्या बहुतेक ठिकाणी गाळलेल्या दिसतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुख्य अडचण अशी. समजा, होल-बॉडी काउंटरवर (शरीरातून बाहेर येणारे गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रावर) एका प्रौढ व्यक्तीच्या मोजणीत ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या शिखरावरून (ही सीझियमची खूण) शरीरात ८,००० बेकरेल, म्हणजे सेकंदाला तितके अणुक्षय होतील इतके, सीझियम-१३७ आढळले. अन्नावाटे आलेल्या सीझियमसाठी प्रौढांचा मात्रा-गुणक, म्हणजे दर बेकरेलमागे धरायची मात्रा, ०.०१३ मायक्रोसिव्हर्ट आहे (सिव्हर्ट हे मात्रेचे एकक). त्याने ८,००० ला गुणून 'सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट' असे उत्तर देऊन मोकळे व्हावे का? मला ते पटत नाही, कारण यंत्र आज शिल्लक किती आहे ते सांगते, आत किती गेले होते ते सांगत नाही.

आणखी दोन शंका आहेत. फुकुशिमात २०११ साली लोकांच्या कपड्यांवरील व त्वचेवरील दूषण तपासताना मिनिटाला १३,००० नोंदी ही मर्यादा होती, ती काही दिवसांतच १,००,००० करण्यात आली. धोका तोच असताना मर्यादा इतकी कशी वाढू शकते? आणि मातीच्या नमुन्यात, सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरवर, ६१० ते ६६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान एक रुंद फुगवटा दिसला, तर तो सीझियमचाच मानावा का?

प्रतिसाद १

आपली पहिली शंका रास्त आहे. तो गुणक शरीरात गेलेल्या बेकरेलसाठी आहे, उरलेल्यांसाठी नाही. त्यामुळे आधी सेवन केव्हा झाले हे विचारावे लागते, आणि हा प्रश्न यंत्राला नव्हे, त्या माणसालाच विचारायचा असतो. प्रौढांच्या शरीरातील सीझियमपैकी सुमारे दहावा हिस्सा २ दिवसांच्या अर्धायुष्याने आणि उरलेला ११० दिवसांच्या अर्धायुष्याने बाहेर पडतो, असे प्रमाणित प्रारूप मानते. सेवन एकदाच आणि मोजणीच्या ३० दिवस आधी झाले असेल, तर त्यातील सुमारे ७४ टक्के अजून शरीरात असते. म्हणजे ८,००० चे मूळ सेवन जवळपास १०,७०० बेकरेल आणि मात्रा ०.१४ मिलिसिव्हर्ट. तीच व्यक्ती दीर्घकाळ रोज थोडे थोडे दूषित अन्न खात असेल, तर ८,००० ही समतोलाची पातळी ठरते, म्हणजे रोज जेवढे आत जाते तेवढेच बाहेर पडते. तिच्यासाठी रोज सुमारे ५६ बेकरेल पोटात जावे लागतात आणि वर्षाची मात्रा ०.२७ मिलिसिव्हर्टच्या आसपास येते. आकडा एकच, परंतु सेवनाचे गृहीतक बदलताच उत्तर जवळपास दुप्पट होते. म्हणून अहवालात मात्रेशेजारी ते गृहीतक लिहिलेच पाहिजे; ते नसलेला अहवाल मी अपुरा समजतो.

आयोडीन-१३१ च्या बाबतीत हीच गोष्ट फार तीव्र होते, कारण त्याचे अर्धायुष्य ८ दिवसांचे आहे आणि महिन्याभरात केवळ क्षयानेच जेमतेम ७ ते ८ टक्के उरते. चेर्नोबिलनंतर मे-जून १९८६ मध्ये लाखो लोकांच्या गळ्याजवळ (आयोडीन साठवणाऱ्या थायरॉइड ग्रंथीपाशी) थेट मोजणी झाली. फुकुशिमात मार्च २०११ च्या अखेरीस अशी मोजणी १,०८० मुलांची झाली. ती वेळ गेली की ती मोजणी पुन्हा करता येत नाही.

मोजणीपूर्वी आंघोळ आणि कपडे बदलणे अनिवार्य ठेवावे, कारण केसांवरचे सीझियम यंत्राला पोटातल्यासारखेच दिसते. वर्णपटात १,४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे पोटॅशियम-४० चे शिखर आहे ना, हेही पाहावे. प्रौढाच्या शरीरात ते नैसर्गिकरीत्या सुमारे ४,००० बेकरेल असते. ते दिसत नसेल, तर आधी यंत्राकडे पाहावे लागेल.

प्रतिसाद २

मातीबद्दल सांगतो. तो फुगवटा सीझियमचा मानण्याची घाई करू नका. रेडॉनच्या साखळीतील बिस्मथ-२१४ चे शिखर ६०९ वर असते आणि सोडियम आयोडाइडची विभेदनक्षमता (जवळची शिखरे वेगळी दाखवण्याची क्षमता) ६६२ पाशी साधारण ७ टक्के, म्हणजे सुमारे ४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्यामुळे ही दोन शिखरे एकमेकांत मिसळतात. त्याच वर्णपटात वर १,१२० आणि १,७६४ ला, खाली ३५२ ला रेडॉनच्या साखळीची शिखरे दिसत असतील, तर फुगवट्यातील बिस्मथचा वाटा वेगळा काढावाच लागेल. शक्य असल्यास नमुना जर्मेनियम डिटेक्टरवर न्यावा, तो ही शिखरे वेगळी दाखवतो. नमुना किती खोलीपर्यंत घेतला आणि वजन ओल्या मातीचे की वाळवलेल्या, हे नोंदवले नाही तर प्रति किलो बेकरेलची तुलना निरर्थक होते. सीझियम चिकणमातीला घट्ट धरून वरच्या काही सेंटीमीटरांतच राहते, त्यामुळे खोल खणलेल्या नमुन्यात ते उगाच विरळ दिसते.

१३,००० च्या शंकेविषयी : ती मर्यादा म्हणजे सुरक्षित आणि असुरक्षित यांमधील रेषा नव्हती, कोणाला धुऊन काढायचे हे ठरवण्याचा तो उंबरठा होता. थंडी, पाण्याची टंचाई आणि परिसरातील किरणोत्साराची वाढलेली पार्श्वभूमी अशा स्थितीत हजारो लोक तपासायचे असताना तो वर नेणे समजण्यासारखे आहे. तरीही त्याखालच्यांना 'दूषण नाही' असे सांगणे चूकच. वरचे कपडे उतरवल्यानेच बरेचसे दूषण निघून जाते, हे त्यांना सांगता येते.

एक गोष्ट टिपणात अवश्य घाला. गॅमा काउंटर शांत आहे म्हणजे माणूस स्वच्छ आहे, असे नाही. स्ट्रॉन्शियम-९० जवळजवळ केवळ बीटा सोडते, तर पोलोनियम-२१० जवळजवळ केवळ अल्फा. त्यासाठी लघवीचे नमुने आणि रासायनिक विलगीकरण लागते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टिपणात सेवनाच्या गृहीतकासाठी वेगळा रकाना ठेवतो. एक शेवटचा प्रश्न : पालक सहसा लहान मुलांनाच आधी तपासणीला आणतील. एक वर्षाच्या मुलाच्या मोजणीत सीझियम 'आढळले नाही' असे आले, तर त्यांना काय सांगावे?

प्रतिसाद १

त्या वयात सीझियमचे जैविक अर्धायुष्य सुमारे १३ दिवसच असते. दोन मिनिटांच्या मोजणीत यंत्राची शोधमर्यादा (ज्याखालचे यंत्राला दिसत नाही तो आकडा) ३०० बेकरेल धरली, तर प्रौढात रोजचे जेमतेम २ बेकरेलचे सेवनही पकडले जाईल, पण त्या मुलाच्या पोटात रोज १६ बेकरेल जात असतील तरच ते दिसेल. म्हणून पालकांना शोधमर्यादेसह निकाल द्यावा आणि त्याच घरात तेच अन्न खाणाऱ्या प्रौढाचीही मोजणी करावी. मुलाच्या आहाराबद्दल ती अधिक सांगते. लहान मुलांसाठी २०१३ मध्ये जपानमध्ये बनवलेल्या बेबीस्कॅन यंत्राची शोधमर्यादा ५० बेकरेलच्या खाली आहे. तसे यंत्र मिळाले तर मुलाचीही मोजणी जवळपास तितकीच संवेदनशील होते.