मदत हवी आहे: 'गो'चा भूतकाळ 'वेंट', तसं कन्नडमध्ये एखादं क्रियापद आहे का?

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या गावात सातवीची इंग्रजीची शिकवणी घेतो. निम्मी पोरं घरी मराठी बोलणारी, निम्मी कन्नड. परवा एकानं विचारलं, "सर, प्लेचं प्लेड होतं, मग गोचं गोड का नाही?" वर्ग हसला, पण प्रश्न बरोबर आहे.

शोधलं तेवढं सांगतो. 'वेंट' हे मुळात 'गो'चं रूपच नव्हे. ते 'वेंड', म्हणजे वळणे, वाट धरणे, या वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळ. सेंड-सेंट, बेंड-बेंट तसं वेंड-वेंट. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'एओडे' होता, तोही तिसऱ्याच धातूचा. पंधराव्या शतकाच्या सुमारास 'वेंट'नं त्याची जागा घेतली.

मराठी पोरांना हे लगेच पटलं, कारण आपलंही तसंच आहे: 'जाणे' संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'वरून. 'जाला' कुणी म्हणत नाही!

अडलंय ते कन्नडपाशी. 'होगु'चं (जाणे) 'होदनु' (तो गेला), 'बरु'चं (येणे) 'बंदनु' (तो आला). रूप बदलतं, पण धातू तोच राहतो. नुसती अनियमित रूपं माझ्याकडे आहेत, ती नकोत. व्याकरणाची परिभाषाही नको, सातवीच्या पोराला घरच्या बोलण्यातलं ओळखीचं उदाहरण हवं. बेळगाव, खानापूर, चिक्कोडीकडच्या बोलीतलं असलं तरी चालेल.

तर कन्नड जाणणाऱ्यांनो, वर्तमानकाळ एका धातूचा आणि भूतकाळ भलत्याच धातूचा, असं क्रियापद कन्नडमध्ये आहे का?