मेंटॉर म्हणून सुरुवात कशी करू?

प्रश्न: अमेरिकेत पीएचडी करतेय. पहिल्या वर्षाच्या दोघींची मेंटॉर झालेय. एक कृष्णवर्णीय, एक लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाची). दोघीही घरातून कॉलेजात आलेल्या पहिल्याच. हुशार आहेत, पण प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (शंका विचारायला ते ठेवतात त्या भेटीच्या वेळेला) जायला बिचकतात. फार वाटतं त्यांच्यासाठी.

उत्तर: पहिल्यांदा तूच सोबत जा. विचारायचे दोन प्रश्न आधी मिळून लिहून काढा.

उत्तर: एकट्या मेंटॉरवर भागत नाही गं, गट हवा. बाल्टिमोर काउंटीच्या मेरीलँड विद्यापीठातला मायरहॉफ हा १९८८ साली स्थापन झालेला, विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठीचा शिष्यवृत्ती कार्यक्रम बघ. पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधीच, उन्हाळ्यात, मुलं एकत्र राहून अभ्यासाला लागतात. पॉसी फाउंडेशन ही शिष्यवृत्ती देणारी संस्था तर दहाएक जणांचा गटच एका कॉलेजात पाठवतं.

प्रश्नकर्ती: मग शुक्रवारी अभ्यासगट सुरू करते. वरच्या वर्षाच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिना मुलींनाही बोलावते.